कालवं कच्ची विकायची नाहीत

मच्छीमार बंधू-भगिनींनो, आपल्या घरात कालवं, तिसऱ्या, शिनाणे शिजवल्याशिवाय ताटात येत नाहीत. गिऱ्हाईक लिंबू पिळून कच्ची खायला मागत असेल, तर सरळ नाही म्हणावं, असं आमचं मत आहे.

कारण व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जंतू. तो कोमट, निमखाऱ्या पाण्यात असतो. कालवं पाणी गाळून जगतात, म्हणून त्यांच्यात साठतो. वास, चव, रंग काहीच बदलत नाही. लिंबू किंवा दारूने तो मरत नाही, बर्फावरही भरवसा नको. यकृताचा आजार असलेल्याच्या रक्तात तो पसरला तर दोन दिवसांतही माणूस जातो.

धंदा बुडेल, असं कोणी म्हणेल. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २००३ साली मेक्सिकोच्या आखातातली, प्रक्रिया न केलेली कच्ची कालवं एप्रिल ते ऑक्टोबर विकायला बंदी घातली. तिथले या जंतूचे मृत्यू जवळपास थांबले. कालवांचा धंदा थांबला नाही.

तेव्हा विकताना सांगा: शिंपले उघडल्यावरही तीन ते पाच मिनिटं उकळा, न उघडलेले टाकून द्या.

आणि आपल्यासाठी: हातापायाला जखम असेल तर झाकल्याशिवाय खाडीत उतरू नका. जखम सुजली, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, खाऱ्या पाण्यात काम केलंय हे आधी सांगा.

– सचिव