पाणमहालाची किल्ली

मूल गेम घेऊन बसले की घराघरांत एकच हुकूम सुटतो, 'बंद कर!' आम्ही म्हणतो, आधी खेळतोय काय ते शेजारी बसून बघा.

निन्टेंडोचा 'द लेजेंड ऑफ झेल्डा' आला १९८६ साली. त्याचे कर्ते शिगेरू मियामोतो लहानपणी जपानमधल्या सोनोबे गावाजवळच्या गुहेत कंदील घेऊन शिरत. गेममधली भुयारे त्यातून सुचली. भद्रावतीच्या पोरांना हे वेगळे समजवायला नको. विजासन लेणीतला डोंगरात सरळ घुसणारा अंधारा बोळ आणि त्याला फुटलेले आडवे बोळ त्यांच्या पायाखालचे आहेत.

याच मालिकेतल्या १९९८ च्या 'ऑकारिना ऑफ टाइम'मध्ये एक पाणमहाल आहे. पाणी तीन पातळ्यांवर चढवायचे-उतरवायचे, दारे उघडायची. एक छोटी किल्ली नजरेतून सुटली की फेऱ्याच फेऱ्या! आमच्या ओळखीच्या घरी दोन दिवस हेच चालले होते. अब्बांनी दया येऊन यूट्यूबवरचे उत्तर सांगून टाकले, तर भावंडे जेवायलाच उठेनात. रुसवा अगदी रास्त होता.

मगरिबच्या वेळी मात्र खुशाल उठवा. सेव्ह केले की मिळालेल्या किल्ल्या जात नाहीत; महालाच्या दारापासून पुन्हा चालावे लागते, एवढेच.