हरवलेले शब्द



माझ्या पहिलीच्या वर्गात एखादं मूल शब्दाशी अडलं, की बाकीची मुलं पटकन सांगून टाकतात. घरी आपणही तेच करतो ना? आजारी माणसाने ओठ हलवायच्या आत पाण्याचा पेला पुढे करतो. माया खरी, पण तिने दरवेळी भलं होतंच असं नाही. हे मला पटलं ते पॅट्रिशिया नील या अमेरिकन अभिनेत्रीची हकीकत वाचून.

तिचा जन्म १९२६ सालचा, केंटकी राज्यातला. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर येताच, १९४७ साली तिला टोनी पुरस्कार मिळाला. मग सिनेमा, लेखक रोआल्ड डाल यांच्याशी लग्न, इंग्लंडमधल्या एका गावात संसार. पण १९६० मध्ये तान्ह्या मुलाच्या बाबागाडीला टॅक्सीची धडक बसली आणि त्याच्या मेंदूला इजा झाली. १९६२ मध्ये सात वर्षांची ऑलिव्हिया गोवराने गेली. अमेरिकेत गोवराची लस आली ती त्याच्या पुढच्याच वर्षी! १९६३ च्या 'हड' चित्रपटात पॅट्रिशियाने घर सांभाळणाऱ्या बाईचं काम केलं आणि त्याला ऑस्कर मिळालं.

१९६५ च्या फेब्रुवारीत तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. वय ३९, त्यात दिवस गेलेले. तीन आठवडे ती बेशुद्ध होती. शुद्धीवर आली तेव्हा उजवी बाजू लुळी, आणि शब्द तर सगळे पुसलेले. ऑगस्टमध्ये मुलगी झाली, ती मात्र सुखरूप.

नवऱ्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पाळ्या लावल्या. एकामागून एक येऊन ते तिच्याकडून वाचून घेत, शब्द घोकून घेत. नवरा शिस्तीचा फार कडक. तिला त्याचा रागही येई. पण १९६८ मध्ये 'द सब्जेक्ट वॉज रोझेस' या चित्रपटात ती पुन्हा उभी राहिली. संवाद पाठ करणं जड जात होतं, तरी त्या कामासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. १९७८ मध्ये नॉक्सव्हिल शहरात अशा रुग्णांसाठी तिच्या नावाचं पुनर्वसन केंद्र सुरू झालं.

पुढे १९८३ मध्ये घटस्फोटही झाला, बरं का! म्हणजे गोष्टीचा शेवट काही गोडगोड नाही. पण परत मिळवलेली वाचा तिची स्वतःची होती. २०१० साली, ८४ व्या वर्षी ती गेली.

तुमच्या घरी असं कुणी अंथरुणावर असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडा वेळ त्यांच्याशी बोलत बसा. शेजारणीलाही हाक मारा, त्यात कमीपणा कसला? आणि पेला पुढे करण्याआधी क्षणभर थांबा. 'पाणी' हा शब्द त्यांचा त्यांना सापडू द्या.