फुगलेली अक्षरे

आमच्या ग्रंथालयातल्या कोपऱ्यातील संगणकावर वर्षभर अक्षरे आडवी फुगून दिसत होती. अनुस्वार कुठे, वेलांटी कुठे, पत्ता लागत नसे. "लिनक्स आहे ना, चालायचेच!" असे म्हणत तो भंगाराच्या यादीतही गेला. मला हे मुळीच मान्य नाही. दोष लिनक्सचा नव्हताच. मॉनिटर आपली मापे व्हीजीए केबलच्या १२ व १५ क्रमांकांच्या पिनांवरून संगणकाला कळवतो. इथे बारावी पिनच मोडलेली! मापे न कळल्याने बिचाऱ्याने १०२४ बाय ७६८ धरले. पडदा होता १३६६ बाय ७६८ चा. नवी केबल येईपर्यंत मी 'सीव्हीटी'कडून आकडे काढले (आठाच्या पटीसाठी तो १३६६ चे १३६८ करतो, ही एक गंमत) आणि 'एक्सरँडर'ने ते पडद्याला लावले. दुसऱ्या दिवशी पुन्हा जैसे थे. मग त्याच आज्ञा 'एक्सप्रोफाइल' फाइलीत लिहून ठेवल्या. वेलँड असते तर ही युक्ती चालली नसती. आमच्याकडे जुने एक्स-११ होते. याला प्रशासकाचा पासवर्डही लागत नाही. तरी "विद्यार्थ्यांनी हात लावू नये" ही पाटी तिथे अजून आहे. गुरुजनांनी रागावू नये, पण आधी ती पाटी काढावी. संगणक यादीतून सुटला आहे आणि वसतिगृहातल्या मुलांचे प्रकल्प आता त्यावरच टाइप होतात.