उंबरठ्यावरची जकात

संगणकावरील भूमिकाप्रधान खेळांविषयी एक तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. हे खेळ उत्तम असतील, परंतु त्यांत शिरणेच दुरापास्त! योद्ध्याची वा मांत्रिकाची भूमिका घ्यावयाची, त्याचे बळ, बुद्धी, चापल्य अंकांनी ठरवावयाचे आणि मग शेकडो नियमांच्या अरण्यात वाट काढावयाची. यावर जुन्या खेळाडूंचे उत्तर ठरलेले असते: कष्ट हीच या खेळांची गोडी, ज्यांना ते सोसत नाहीत त्यांनी सोपे खेळ खेळावेत. हे उत्तर अर्धेच खरे आहे.

काठिण्य विषयाच्या अंगचे असते, तसेच मांडणीच्या आळसातूनही येते. १९९८ साली निघालेल्या 'बाल्डर्स गेट' या गाजलेल्या खेळाचे नियम 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या १९७४ पासूनच्या कागद-फाशांच्या खेळातून आले होते. त्यात चिलखताचा अंक जितका कमी, तितके संरक्षण अधिक. 'अधिक एक' असे बिरुद मिरविणारे चिलखत चढवावे, तो हा अंक एकाने घटावा! नवख्याने यातून काय बोध घ्यावा? या उलट्या हिशेबात खोली कसलीच नव्हती. होती ती केवळ वहिवाट. मूळ खेळाच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने हिशेब सरळ केला. त्यामुळे खेळ काही पोरकट झाला नाही.

बेल्जियममधील लॅरियन कंपनीचा २०२३ सालचा 'बाल्डर्स गेट ३' हाही नियमांच्या बाबतीत मुळीच सोपा नाही. मात्र घाव लागण्याची शक्यता शेकडा किती, हे तेथे आधीच पडद्यावर दिसते. संवादात फासा डोळ्यांदेखत पडतो आणि त्यात कोणते अंक मिळविले तेही कळते. क्लिष्टता राहिली, गूढता गेली. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्कृष्ट खेळाचा मान त्यालाच मिळाला.

वेळ हीदेखील किंमतच होय. 'स्टीम' या संगणकखेळांच्या विक्रीकेंद्रावर खेळ न रुचल्यास पैसे परत मिळतात. पण खरेदीपासून १४ दिवसांत, आणि तो दोन तासांहून कमी खेळला असेल तरच. साध्या खेळाची पारख तेवढ्यात होते. येथे मात्र पात्र घडविण्यातच त्यातला बराच काळ सरतो. म्हणजे माल पारखण्याआधीच परतीचे दार बंद! पूर्वी खोक्यात जाडजूड पुस्तिका येई व तिचा खर्च उत्पादक सोशी. आता ती बहुधा नाहीशी झाली आणि शिकविण्याचे काम अनुभवी खेळाडूंनी विनामोबदला लिहिलेल्या टिपणांवर पडले. खर्च संपला नाही, ग्राहकाच्या माथी आला. रिकामा वेळ मुबलक असणाऱ्याला ही जकात जाणवत नाही. रात्री आठला घरी पोहोचणाऱ्या कारकुनाला ती पुरती जाणवते.

मराठी विद्यार्थ्याकडून तर ती दुहेरी वसूल होते. 'बाल्डर्स गेट ३' तुर्की व युक्रेनी भाषांत उपलब्ध आहे. मराठीतच काय, कोणत्याही भारतीय भाषेत तो नाही. लांबलचक इंग्रजी संवाद आणि नियमांची जड परिभाषा एकाच वेळी उलगडता उलगडता त्याने दुसऱ्याच संध्याकाळी खेळ सोडून दिला, तर त्याची नोंद चिकाटीचा अभाव अशीच होते.