विश्लेषण : ‘फुल-टाइम’ की ‘पार्ट-टाइम’? एसयूव्हीमधली फोर-व्हील ड्राइव्ह कोणासाठी कोणती?

एसयूव्ही घेताना ‘फोर बाय फोर’च्या बिल्ल्यासाठी जादा पैसे मोजायची अनेकांची तयारी असते. पण ही यंत्रणा नेमकी कोणत्या प्रकारची, हे शोरूममध्ये फारसे विचारले जात नाही. निवड चुकली तर पैसे वाया जातातच, शिवाय घाटात नको तेवढा आत्मविश्वास वाढतो.

दोन्हींत फरक काय?

वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. हा फरक सामावून घेण्यासाठी ‘फुल-टाइम’ यंत्रणेत सेंटर डिफरन्शियल असते. त्यामुळे रस्ता कोरडा असो वा ओला, इंजिनची ताकद कायम पुढे आणि मागे दोन्हीकडे जाते. ‘पार्ट-टाइम’मध्ये हे डिफरन्शियल नसते. एरवी गाडी मागच्या दोन चाकांच्या जोरावर धावते. ‘फोर एच’ निवडले की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडते. थार, जिम्नी, गुरखा आणि सध्याच्या फॉर्च्युनरची फोर बाय फोर आवृत्ती याच गटातली.

डांबरावर काय बिघडते?

चिखलात किंवा वाळूत चाके थोडी घसरतात आणि अंतरातला फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर ती सहज घसरत नाहीत, त्यामुळे ताण यंत्रणेत साठत जातो. स्टीअरिंग जड होते, वळताना गाडी अडखळते, टायर लवकर झिजतात आणि पुढे दुरुस्तीचा मोठा खर्च अंगावर येतो. घाटात एक वळण ओले, तर दुसरे कोरडे असते. म्हणून ‘पावसाळाभर फोर एच लावूनच ठेवा’ हा सल्ला महागात पडू शकतो.

मग ‘फुल-टाइम’च श्रेष्ठ?

पकड क्षणोक्षणी बदलते अशा रस्त्यावर, म्हणजे अर्धवट बर्फ असलेल्या किंवा सतत ओल्या डोंगरी मार्गावर, ती नक्कीच सरस. चालकाला काही ठरवावे लागत नाही. मात्र डिफेंडर किंवा लँड क्रूझरसारख्या अशा गाड्या भारतात कोटीच्या घरात जातात. मध्यम बजेटमध्ये ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ म्हणून मिळते ती बहुधा तिसरीच व्यवस्था असते : गाडी मुख्यतः पुढच्या चाकांवर चालते आणि गरजेनुसार ताकद मागे पाठवली जाते. ग्रँड व्हिटाराची ऑलग्रिप आवृत्ती हे त्याचे उदाहरण. निसरड्या रस्त्याला ती पुरते. पण तिच्यात ‘लो रेंज’ नसते. त्यामुळे खोल चिखलातून किंवा खड्या चढावर गाडी संथपणे, जोर लावून काढणे तिला जड जाते.

चार चाकांना ताकद, म्हणून गाडी लवकर थांबते?

अजिबात नाही. ब्रेक साध्या मोटारीतही चारही चाकांना असतात. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे रेटते. थांबवण्याचे काम ब्रेक आणि टायरचे. मोटारीच्या टायरची खाच 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो नियमाने बाद होतो. पावसात पकड त्याच्या बरीच आधी घटलेली असते. वरंध किंवा आंबोली घाट उतरताना झिजलेल्या टायरची उणीव कोणताही लिव्हर भरून काढत नाही.

निवड कशी करावी?

प्रश्न एकच : रस्ता कुठे संपतो, हे चालकाला आधी कळते का? महाराष्ट्रात बहुतेकदा कळते. डांबर संपून शेताची चिखलवाट किंवा कोकणातला लाल मातीचा चढ सुरू होतो, तो डोळ्यांना दिसतो. तिथे थांबून ‘फोर एच’ किंवा ‘फोर एल’ लावता येते. अशी वाट वरचेवर तुडवणाऱ्यांसाठी ‘पार्ट-टाइम’ हीच साधी, दणकट आणि तुलनेने स्वस्त निवड. हिमाचलसारख्या बर्फाच्या भागात वर्षाकाठी अनेक आठवडे जाणाऱ्यांनी, परवडत असेल तर, ‘फुल-टाइम’चा विचार करावा.

आणि ज्यांची गाडी वर्षातले बहुतेक दिवस मुंबई-पुण्याच्या वाहतुकीत अडकलेली असते, त्यांचे काय? ‘कधीतरी लडाखला जायचे आहे’ हे कारण पुरेसे नाही. उन्हाळ्यात तिथे साध्या मोटारीही पोहोचतात. अशांनी टू-व्हील ड्राइव्ह घ्यावी आणि वाचलेल्या पैशांतला थोडा भाग वेळेवर चांगले टायर बदलण्यासाठी राखून ठेवावा. घाटातल्या पावसात तो खर्च बिल्ल्यापेक्षा अधिक कामी येतो.