लोहगडावर रांग लावायला काय हरकत आहे?

गेल्या पावसाळ्यात भारतात आलो होतो, तेव्हा एका रविवारी भाचीला घेऊन लोहगडावर गेलो. मळवलीपासूनच गाड्यांची रांग. गणेश दरवाजाच्या पायऱ्यांवर तर तासभर ना वर जाता येईना, ना खाली. ओल्या दगडावर एकाचा जरी पाय घसरला असता तर? आठवलं की अजून धडकी भरते. विंचूकाटा न बघताच परतलो.

मी राहतो अमेरिकेतल्या युटा राज्यात. इथल्या झायन नॅशनल पार्कच्या दरीतही एकाच रस्त्यावर अशीच कोंडी व्हायची. २००० साली त्यावर उपाय निघाला : हंगामात दरीत खासगी गाड्या बंद, सगळ्यांना मोफत बस. शेजारच्या स्प्रिंगडेल गावातही बसचे थांबे आहेत, त्यामुळे लोक तिथे थांबतात, जेवतात.

अमेरिकेचं कशाला, आपल्या कास पठारावरही फुलांच्या हंगामात ऑनलाइन बुकिंग आणि रोजच्या संख्येवर मर्यादा आहेच की. २०२५ मध्ये लोहगडासह १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. गर्दी आता वाढणारच. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी वेळ ठरवून प्रवेश द्यावा, गाड्या खालीच थांबवाव्यात आणि लोकांना वर नेण्याचं काम पायथ्याच्या गावकऱ्यांना द्यावं. सरसकट बंदी मात्र नको. पिठलं-भाकरी विकणाऱ्यांची चूल त्यावरच पेटते.

आणि आपण परदेशस्थांनी 'दोन वर्षांनी आलोय, आम्हाला तेवढं सोडा' असा हट्ट धरू नये. नंबर नाही लागला तर पुढच्या खेपेला जाऊ. झायनला मुकाट रांगेत उभे राहतोच ना!