खाटा वाढल्या; परिचारिकांचे काय?

३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ च्या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. त्यानंतरच्या चर्चेचा रोख मुख्यतः औषधांच्या तुटवड्यावर राहिला. परिचारिकांच्या रिक्त जागांचा उल्लेख झाला, पण पुरवणीसारखा.

वस्तुतः आधुनिक शस्त्रक्रियेचा निम्मा इतिहास परिचर्येचा आहे. १८४६ मध्ये ईथरने वेदनेवर मात केली, १८६७ मध्ये लिस्टरने कार्बोलिक आम्लाचा उपाय मांडला. तथापि हत्यारे निर्जंतुक करणे, जखम बांधणे, रात्रभर नाडी पाहणे ही कामे शिकलेल्या हातांवाचून होणारी नव्हती. शस्त्रक्रियेतील रबरी हातमोजेसुद्धा एका परिचारिकेमुळे आले. बाल्टिमोरच्या कॅरोलिन हॅम्प्टन यांचे हात पाऱ्याच्या जंतुनाशक द्रावणाने सोलवटत, म्हणून शल्यविशारद हॅल्स्टेड यांनी १८९० च्या सुमारास ते करवून घेतले. (पुढे त्यांचा विवाह झाला आणि रुग्णालय एका उत्तम परिचारिकेस मुकले, हा भाग वेगळा.)

महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने, १९०९ नंतर, पांढरपेशा घरांतील स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकावयास पाठविले. परपुरुषाच्या जखमेस हात लावणे ज्या समाजाला विटाळ वाटे, तेथे हे धाडसच होते. निजामी राजवटीतील मराठवाड्यापर्यंत ही लाट फारशी पोहोचली नाही. १९४६ च्या भोर समितीला देशात ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका आढळली. तिने ध्येय ठेवले पाचशेंमागे एकीचे.

पुढे आपल्याकडे महाविद्यालये आली: औरंगाबादला १९५६ मध्ये, नांदेडला १९८८ मध्ये, लातूरला २००२ मध्ये. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हाडे मोडलेले जखमी लातूर-सोलापूरकडे आणले गेले, तेव्हा लातुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. त्या दृष्टीने ही प्रगतीच होय. परंतु इमारत आणि यंत्रे हा भांडवली खर्च आहे. त्याची कोनशिला बसविता येते. परिचारिकेचे वेतन हा वर्षानुवर्षांचा महसुली खर्च, आणि काटकसरीची कात्री प्रथम तेथेच लागते. शिकून तयार झालेल्या मुली मग पुण्या-मुंबईस किंवा परदेशी जातात. त्यांना दोष कोण देणार?

ही काटकसर खरी नसते, खर्च फक्त दुसऱ्याच्या खिशातून होतो. वॉर्डात एका सिस्टरकडे अनेक खाटा असल्या की सलाईन संपल्याचे पाहावयास, कुशीवर वळवावयास रुग्णाचे नातलग बसतात. कंधार-मुखेडच्या शेतमजुराच्या घरी याचा अर्थ दोन माणसांची बुडालेली मजुरी असा होतो. मात्र टाके पिकू लागल्याचे किंवा ताप चढत असल्याचे त्या नातलगाला वेळेवर उमगत नाही, आणि यशस्वी झालेली शस्त्रक्रिया तिसऱ्या दिवशी वाया जाते. हा आकडा कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

नव्या शस्त्रक्रियागृहास मंजुरी देतानाच परिचारिकांची पदे मंजूर व्हावीत आणि ती भरल्याखेरीज त्याचे उद्घाटन होऊ नये, एवढा नियम करावयास शासनाला कोणत्या निधीची वाट पाहावी लागते?